सासू घेऊन आलेल्या नीलाताई

"नाक अगदी आईचं घेतलंय हो तुम्ही," असं मी पहिल्याच भेटीत म्हणालो, आणि आमच्याच पडवीत फसलो.

नवीन भाडेकरूला जागा दाखवताना काहीतरी गोड बोलावं, अशी माझी जुनी समजूत आहे. त्या दिवशी रिक्षातून दोन बायका उतरल्या होत्या. एक पन्नाशीची, खांद्याला दोन पिशव्या आणि कपाळावर चढवलेला चष्मा, जो ती पिशव्यांत शोधत होती. दुसरी चांगली पंचाहत्तरीची, हातात पाण्याचा तांब्या. तो तांब्या तिनं पुण्यापासून घोलवडपर्यंत कुणाच्या हाती दिला नव्हता, हे नंतर कळलं. दोघींची नाकं सरळ आणि टोकाशी जरा वाकलेली. मी चिकूवाला माणूस. फळ बघून झाड ओळखायची सवय, तशी मी माणसंही ओळखायला गेलो.

"मी आई नाही हिची," म्हातारी म्हणाली. "सासू आहे. म्हणजे होते. आता कागदावर नाही."

"आमचा घटस्फोट झालाय," दुसऱ्या बाईंनी समजावून सांगितलं. "म्हणजे माझा आणि ह्यांच्या मुलाचा. माईंचा आणि माझा नाही झाला."

कुसुमनं, म्हणजे आमच्या हिनं, मला कोपरानं ढोसलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोपराच्या जोरावरून मला विषय कळतो. हे ढोसणं 'आता पाणी आणायला आत जा' असं होतं. मी गेलो.

डॉ. नीला ह्या मानसशास्त्राच्या. २०१४ च्या दिवाळीनंतर त्या आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. आम्ही त्यांना नीलाताई म्हणायचो, गाव त्यांना रेडिओबाई म्हणायचं, आणि माई त्यांना 'ही' म्हणायच्या. 'ही आली का?' 'ही जेवली का?' मी कुसुमचा उल्लेख करतो तसाच.

त्यांनी आमची जागा का निवडली, ह्याची दोन कारणं होती. एक, माईंचं माहेर शेजारच्या बोर्डीचं. माहेरचं घर केव्हाच विकलं गेलं होतं, पण समुद्र तिथंच होता, आणि माईंना तो जवळ हवा होता. दुसरं कारण आमची चिकू पिकवायची खोली. पूर्वी माझे वडील चिकू घरीच पिकवून विकायचे, त्यासाठी बांधलेली. जाड भिंती, एक दार, खिडकी नाही. आता फळ कच्चंच ट्रकात चढतं आणि पिकायचं ते परमुलखात जाऊन पिकतं. खोलीत मी रिकामी खोकी आणि गोणपाटं टाकली होती. नीलाताई त्या खोलीत गेल्या, टाळी वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "वा. आवाज परत येत नाही. गोणपाटं काढू नका, तीच हवी आहेत."

वडिलांनी बांधलेल्या खोलीचं इतकं कौतुक मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. भाडं थोडं कमीच सांगून बसलो.

तर त्या खोलीत नीलाताई रेडिओचं काम करायच्या. आमच्या भागात एक छोटं रेडिओ केंद्र होतं. शेतीचे भाव, आरोग्याची माहिती, मुलांची गाणी, असं सगळं लागायचं त्यावर. दर गुरुवारी संध्याकाळी नीलाताईंचा कार्यक्रम लागे, 'बोला, ऐकते आहे'. बुधवारी दुपारी लोकांनी फोन करायचा, ह्यांनी खोलीत बसून तो घ्यायचा, ध्वनिमुद्रण करायचं, आणि गुरुवारी त्यातले निवडक फोन ऐकवायचे. लोक आपलं दुःख सांगत. नीलाताई ऐकत. एवढंच.

एवढंच म्हणजे खरोखरच एवढंच. ह्या बाई कधी सल्ला देत नसत. समोरचा बोलून थांबला की त्या म्हणत, "हं. पुढे?" तो बिचारा पुढं सांगायचा. तो थांबला की पुन्हा, "हं. पुढे?" दोन-तीनदा असं झालं की माणूस स्वतःच म्हणायचा, "नाही, तसं बघितलं तर माझंही थोडं चुकलंच." मग नीलाताई म्हणत, "बरं वाटलं तुमच्याशी बोलून," आणि फोन ठेवत.

मी एकदा त्यांना विचारलं, "ताई, लोक एवढ्या आशेनं फोन करतात. त्यांना दोन गोष्टी सांगायला काय हरकत आहे?"

"सल्ला द्यायला गावात माणसं कमी आहेत का, भाऊ? ऐकायला नाहीत."

मला ते पटलं. पटल्याचं मी त्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. त्या शेवटी म्हणाल्या, "हं. पुढे?"

रेडिओ हे त्यांचं जोडकाम. खरं काम संशोधनाचं, आणि संशोधनाचा विषय होता वाट बघणं. घरातलं माणूस कामासाठी लांब जातं, वापीच्या कारखान्यात, वीटभट्टीवर, गुजरातच्या बोटीवर, तेव्हा मागं राहिलेल्यांच्या मनाचं काय होतं, ह्याचा अभ्यास. त्यासाठी त्या आठवड्यातले दोन-तीन दिवस जीपनं तलासरीकडे जायच्या. झरीला, गंजाडला, आणखी आतल्या पाड्यांवर. नाहीतर तलासरीच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून वाट बघणाऱ्यांकडे बघायच्या. एका कंडक्टरची पक्की खात्री झाली की ही बाई तिकीट तपासायला साध्या वेषात बसते. त्यानं आपल्या सगळ्या भाऊबंदांना कळवलं. काही महिने त्या स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांत फुकट्या प्रवासी औषधालाही मिळाला नाही, असं म्हणतात.

झरीच्या एका आजीनं त्यांना स्टँडवर सारखं बाकावर बघून विचारलं होतं, "बाय, तू कोनाची वाट बघते?"

"कुणाची नाही, आजी. तुम्ही कशी बघता ते बघते."

"मंग माज्या मानसाची पन बघ जरा. मी तवर घरला जाऊन येते."

हा किस्सा नीलाताई स्वतः सांगायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

घरात मात्र ही विदुषी अगदी कामातून गेलेली. आमटी करताना एखादा विचार आला की गॅससमोर तशीच उभी राही. आमटी जळल्याचा वास पहिला कुसुमला यायचा, मग मला, मग आमच्या कुत्र्याला. माई आतून ओरडायच्या, "अगं, भांडं." नीलाताई म्हणायच्या, "हो माई, ऐकते आहे." भांडं काळं होऊन जायचं. कुसुमनं अखेर आमटीचं काम आपल्याकडे घेतलं. रोज एक वाटी मागं जायची. उगाच भांडी जळताना बघवत नाही, असं ती म्हणायची.

त्यांचा संसार कशानं मोडला, हे त्यांनीच एकदा सांगितलं. आडपडदा नव्हता त्यांना. स्वतःबद्दल बोलतानाही दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलायच्या.

"शिरीष रागावायचा, भाऊ. मी भांडत नव्हते, हे त्याचं दुःख होतं. तो ओरडला की मी विचार करायची, हा राग नेमका कशाचा आहे, ऑफिसचा की लहानपणचा. एकदा तोंडून निघून गेलं. तो म्हणाला, मी नवरा आहे का पेशंट?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. 'हं. पुढे?' म्हणाले."

पुढं घटस्फोट झाला. शिरीषनं बडोद्याला नोकरी धरली, तिकडेच दुसरं लग्न केलं. सामानाची वाटणी चालू असताना माई आपली पेटी घेऊन नीलाताईंच्या बाजूला जाऊन बसल्या. मुलगा म्हणाला, "आई, तू माझ्याकडे." माई म्हणाल्या, "तुझ्याकडे स्वयंपाकाला नवीन कोणीतरी येईल. हिचं कोण बघणार?" मुलाला हे फार लागलं, असं नीलाताई सांगायच्या. त्याचं लागणंही बरोबर होतं, हेही त्याच सांगायच्या.

मधे एक उमरगावचे कर्णिक येऊ लागले होते. विधुर, निवृत्त इंजिनिअर, स्वभावानं चांगले. दर रविवारी यायचे, येताना ताजी खारी बिस्किटं आणायचे. नीलाताईंचा चष्मा त्या दिवसांत कपाळावर नसून नाकावर असायचा, हे कुसुमच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही. एका रविवारी माईंनी कर्णिकांना समोर बसवलं.

"घोरता का?"

"थोडंसं," कर्णिक म्हणाले.

"मग खोली वेगळी लागेल. हिची झोप सावध आहे. पोळ्या किती लागतात?"

"तीन."

"करील कोण? हिला येत नाहीत. तुम्हाला येतात?"

माजी सून खपवायला निघालेली अशी सासू मी दुसरी पाहिली नाही. कर्णिक शिकून घेतो म्हणाले. सगळं जमल्यातच होतं. पण पुढच्या खेपेला ते सहज बोलून गेले, की नाशिकला वृद्धांसाठी एक उत्तम जागा आहे, माईंची तिथं छान सोय होईल. नीलाताईंनी त्यांना चहा दिला. दुसरा कपही दिला. स्टँडपर्यंत सोडायला गेल्या. पुढच्या रविवारी कर्णिक आले नाहीत. माई विचारत राहिल्या, "तो खारीवाला का येत नाही गं?" नीलाताई म्हणाल्या, "त्यांना पोळ्या जमेनात, माई."

ह्यानंतर वर्षभरात कधीतरी माई विसरायला लागल्या.

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. मी स्वतः दिवसातून दोनदा चावी शोधतो. पण मग माई बोर्डीला आपले वडील वाट बघताहेत म्हणून निघायला लागल्या. दुपारी साडी नेसून, तांब्या हातात घेऊन फाटकाशी उभ्या. कुसुम त्यांना म्हणायची, "माई, उन्हं उतरू द्या, मग जाऊ." उन्हं उतरेपर्यंत बोर्डी विसरलेली असे.

एक दिवस त्या नीलाताईंना विसरल्या. पूर्ण नाही. सून आहे, घरात असते, गोळ्या गिळायला लावते, एवढं आठवे. ती कोण, कुठची, किती वर्षांची सोबत, ते गेलं. आणि इथंच एक चमत्कारिक गोष्ट झाली. गुरुवारी रेडिओ लागला की माई तो मांडीवर घेऊन बसायच्या. त्यातला आवाज आला की चेहरा फुलायचा.

"ही बाई फार शहाणी आहे," त्या कुसुमला सांगायच्या. "किती शांत बोलते. नाहीतर आमची ही. सारखी आपली गोळी घ्या, गोळी घ्या."

नीलाताई तिथंच बसलेल्या असायच्या. गोळी हातात.

"ऐक जरा तिचं," माई त्यांना म्हणायच्या. "शीक काहीतरी."

"हो माई," नीलाताई म्हणायच्या. "बोलते खरी छान."

पहिल्यांदा आम्ही तिघं हसलो. नीलाताई सगळ्यांत जास्त. पण दर गुरुवारी तेच झाल्यावर हसू आपोआप कमी होत गेलं. मी एकदा धाडस करून म्हटलं, "ताई, सांगून टाका ना, की त्या तुम्हीच." त्या म्हणाल्या, "सांगितलं भाऊ, दोनदा. माईंना वाईट वाटलं. म्हणाल्या, शहाण्या बाईची नक्कल करू नये."

२०१८ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. तलासरीकडे आणि डहाणूच्या पूर्वेच्या गावांत धक्के जोराचे होते. आमच्या घोलवडला फळीवरचे डबे वाजायचे. तिकडे घरांच्या भिंतींना भेगा गेल्या. लोक घर सोडून अंगणात, शेतात कापड बांधून झोपू लागले. शाळा झाडाखाली भरू लागल्या. नीलाताईंच्या कार्यक्रमात सुनांच्या तक्रारी बंद झाल्या. सगळे फोन धक्क्यांचे. मुलं रडत उठतात, बाई घरात चूल पेटवायला धजत नाही, म्हातारा घर सोडायला तयार नाही. नीलाताई सकाळी जीपनं जायच्या, पाड्यावर लोकांत बसायच्या, उन्हं कलली की परत. माझ्यासारखा माणूस धक्का बसला की आधी पळतो आणि मग कुसुमला हाक मारतो. ह्या बाई, तिथं जमीन हलते म्हणून तिथंच जायच्या.

माईंना धक्क्यांची भीती नव्हती. डबे वाजले की त्या नीलाताईंना दटावायच्या, "पाय हलवू नकोस गं. घराला चांगलं नसतं."

बातम्या बडोद्याला पोचल्या. शिरीषचे फोन सुरू झाले. आई तिथं ठेवायची नाही. नीलाताई म्हणाल्या, घोलवडला तसा धोका नाही. तो म्हणाला, तू दिवसभर बाहेर, आई शेजाऱ्यांच्या भरवशावर, आणि घर हलतंय. ह्यातलं खोटं काहीच नव्हतं. शेजारी म्हणजे मी, तेव्हा भरवशाबद्दल मीही काही बोलू शकलो नाही.

"तुमचा काय हक्क पोचतो हो?" मी विचारलं. विचारल्यावर लगेच कोपर लागलं.

"काहीच नाही," नीलाताई म्हणाल्या. "तो मुलगा आहे. मी कोण? माई स्वतः 'नाही येत' म्हणाल्या, तर तो नेणार नाही. तेवढा तो सरळ आहे. फक्त माईंनी म्हणायला हवं."

शिरीष एका मंगळवारी गाडी घेऊन आला. मी त्याच्याबद्दल मनात बरंच काही तयार ठेवलं होतं. पण माणूस चांगला निघाला. वाईट असता तर सगळ्यांचं सोपं झालं असतं. त्यानं आईच्या पायांना भेगा पडलेल्या बघितल्या आणि लगेच खोबरेल तेल मागून घेतलं. नीलाताईंकडे तो बघत नव्हता, पण त्यांनी केलेली करपलेली भाजी त्यानं संपवली. माईंनी त्याला ओळखलं. पहिल्या हाकेला. "आलास का रे? किती वाट बघायची?" म्हणाल्या.

नीलाताई दारात उभ्या होत्या. इतकी वर्षं घरोघर जाऊन वाट बघणाऱ्यांना त्या विचारत होत्या, की माणूस परत आलं तेव्हा कसं वाटलं. त्या दिवशी घरातच बघितलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो," शिरीष म्हणाला. "आईला विचारून काय ते ठरव. मी जबरदस्ती करणार नाही."

माईंना विचारलं, की त्या क्षणात 'जाते' म्हणत आणि क्षणात 'हिचं कसं?' म्हणून अडून बसत. नीलाताई 'राहा' म्हणाल्या नाहीत. त्यांच्या तोंडून तो शब्द निघतो का, ह्याची मी आणि कुसुम दोघंही वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी बुधवार. फोन घ्यायचा दिवस. अशा दिवशीही नीलाताई खोलीत जाऊन बसल्या, दार लावून घेतलं. शिरीष आत जरा आडवा झाला होता. मी पडवीत चिकूची खोकी दुरुस्त करत होतो. माई हळूहळू चालत आल्या.

"भाऊ, त्या रेडिओच्या बाईला फोन लावून द्या."

मी कुसुमकडे बघितलं. कुसुम म्हणाली, "लावा."

मी माझ्या मोबाइलवरून लावला. माईंना कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर चालू केला. माझा नंबर तिकडे दिसला असणार. समोर ती खोली, बंद दार. तिथला आवाज कुठल्यातरी टॉवरवरून फिरून माझ्या हातात आला.

"बोला, ऐकते आहे."

"नमस्कार हो. मी घोलवडची. नाव नाही सांगत."

"नाव नको. सांगा."

"माझा मुलगा आलाय मला न्यायला."

"हं. पुढे?"

"पुढे काय, जायचंय मला. मुलाकडे जायला कुणाला नको असतं? पण इथं माझी सून आहे. शिकलेली आहे मोठी. स्वयंपाकाचा आनंद आहे, पण वाईट नाही हो. मला नेहमी आधी वाढते."

"हं."

"मी गेले तर ती एकटी पडेल. तिला कुणी नाही. नवरा होता, तो..." माई थांबल्या. आठवायला लागल्या. "तो कुठं गेला बाई, ध्यानात नाही माझ्या."

त्यांनी माझ्या हातातला फोन आपल्याकडे ओढून घेतला.

"तुम्ही तिला ठेवून घ्याल का तुमच्याकडे? काहीतरी काम द्या तिथं. खाते कमी. त्रास नाही तिचा."

कुसुमनं पदर तोंडाशी धरला होता. मी हातोडी खाली ठेवली, आवाज न करता.

"अहो बाई, ऐकताय ना?"

"ऐकते आहे."

"मग सांगा की काहीतरी. तुमचं एवढंच वाईट आहे, सांगत काही नाही तुम्ही."

त्या बंद दाराकडे मी बघत होतो. एक शब्द पुरेसा होता. ह्या बाईंचं माईंनी ऐकलं असतं, त्यांचं एकटीचंच ऐकलं असतं. 'राहा' म्हटलं असतं तर शिरीष रिकामी गाडी घेऊन परत गेला असता.

"ठेवून घेते मी तिला," फोनमधला आवाज म्हणाला. अगदी रेडिओवरचा आवाज, जराही न हललेला. "तुम्ही जा. मुलगा आलाय ना, तर जा."

"नक्की ना?"

"नक्की."

"रागावू नका तिला. बोलत नाही ती, पण मनाला लावून घेते."

"नाही रागावणार."

माईंनी फोन माझ्याकडे दिला. चेहरा एकदम मोकळा. "बघा, शहाणी बाई. पटकन समजली," म्हणाल्या, आणि शिरीषला उठवायला आत गेल्या.

खोलीचं दार त्यानंतर बराच वेळ उघडलं नाही. आतला फोन वाजत असावा. तलासरीच्या एका माणसाचा, मुलगी धक्क्यानं बोलायची बंद झाली म्हणून, तो फोन त्यांनी त्याच दुपारी घेतला होता, हे गुरुवारी कार्यक्रम ऐकताना कळलं. त्याच्याशी त्या फार मायेनं बोलल्या होत्या. माईंचा फोन त्या कार्यक्रमात नव्हता. ऐकायला माईही नव्हत्या.

निघताना माई गाडीत बसल्या, तांब्या मांडीवर. नीलाताईंनी गोळ्यांची पिशवी शिरीषच्या हाती दिली, कुठली कधी ते सांगितलं. माईंनी त्यांच्याकडे बघून हात जोडले. ज्यांच्याकडे चार दिवस पाहुणे म्हणून राहिलो, त्यांना जोडतो तसे.

त्यानंतर नीलाताई फार कामात राहिल्या. जमीन पुढेही बरेच दिवस हलत होती. त्या पाड्यांवर जात होत्या, बुधवारी खोलीत बसत होत्या. आमटी आता स्वतः करायच्या आणि ती जळायची नाही. कुसुमला हे मुळीच आवडलं नाही. शिरीष अधूनमधून फोन लावून माईंच्या कानाशी धरायचा, पण फोनवरचा आवाज कुणाचा हे माईंना कळेना, त्या घाबरून जात. मग तेही थांबलं.

२०१९ च्या उन्हाळ्यात एका सकाळी मी पडवीत चहा घेत होतो आणि कुसुम सुपात तांदूळ निवडत होती. नीलाताई आल्या. एरवी सरळ आत येणारी बाई पायरीच्या खालीच उभी राहिली.

"वहिनी, एक माहिती हवी होती."

असं त्या पाड्यावर कुणाला प्रश्न विचारताना म्हणत.

"शिरीषचा फोन होता. माई पहाटे गेल्या. झोपेतच. तो म्हणाला, तू येऊ नकोस, इथं सगळे आहेत." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "तर मला विचारायचं होतं, मला सुतक लागतं का?"

मी तोंड उघडलं. घटस्फोटानंतर नातं संपतं, तेव्हा शास्त्राप्रमाणे म्हणाल तर, अशी काहीतरी सुरुवात माझ्या डोक्यात तयारही झाली होती. शास्त्र मला काडीचं माहीत नाही. पण विचारल्यावर उत्तर देणं मी माझं कर्तव्य समजतो.

"लागतं," कुसुम म्हणाली. सूप खाली ठेवलं. "दहा दिवस. देवाला हात लावायचा नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. रेडिओला सांगून टाका, घरात गेलंय म्हणून. चूल पेटवायची नाही आज. पिठलं-भात मी आणून देते."

"दहा दिवस," नीलाताई म्हणाल्या.

"पूर्ण दहा. सुनेला पूर्णच असतं."

नीलाताईंनी मान हलवली, लिहून घेतल्यासारखी. परत जायला वळल्या, दोन पावलं गेल्या, आणि तिथंच चिकूच्या झाडाखाली खाली बसल्या. मग त्या रडल्या. मोठ्यानं, गावातल्या बायका रडतात तशा. कुसुम जाऊन त्यांच्याजवळ बसली. मी माझा कप घेऊन आत गेलो, कारण तेवढंच मला सुचलं.

दुपारी कुसुम पिठलं-भात देऊन परत आली, पाय धुतले आणि अर्धवट राहिलेलं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी म्हटलं, "काय गं, घटस्फोट झालेल्या सुनेला सुतक लागतं, हे तुला कुणी सांगितलं? आणि त्यांच्यात काय पद्धत असते, ते तरी आपल्याला कुठं ठाऊक आहे?"

"कुणी नाही सांगितलं," कुसुम म्हणाली. तांदळातला एक खडा काढून तिनं अंगणात टाकला. "बाई दारात काहीतरी मागायला आली होती. नाही कसं म्हणायचं?"